वृषालीची उचकी

“हुपरीची मावशी?” आईनं विचारलं.

“उचक्,” वृषालीचं उत्तर.

“मग मावशी नव्हे. कॉलेजातली ती तुझी मैत्रीण, पुण्याला दिलीय ती... मेघना?”

“उचक्.”

“मेघना पण नव्हे,” आईनं निकाल दिला आणि शेंगा फोडता फोडता पुढचं नाव शोधायला लागली.

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर त्या माणसाचं नाव घेतलं की ती थांबते, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. दिवाळी नुकतीच सरली होती. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं मॅचिंग सेंटर, म्हणजे साडीवर जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल विकायचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. घरात आई, धाकटा भाऊ सुहास, त्याची बायको वृषाली आणि मी. मी थोरली, सुहासची अक्का. नवरा गेल्यावर माहेरी आले आणि दुकानात गल्ल्यावर बसले ती बसलेच. वृषाली मला वन्सं म्हणायची. खरं सांगायचं तर सख्ख्या भावापेक्षा माझं तिच्याशीच जास्त जमायचं. सुहास मनानं वाईट नाही हो, पण राग सदा नाकावर.

दुकान चालायचं ते वृषालीच्या डोळ्यांवर. बाईनं पिशवीतनं साडी काढावी, वृषालीनं एकवार बघावं, वळावं आणि रॅकमधनं पीस ओढावा. काठाला लावून बघायचं कामच नाही! डाळिंबी कुठला आणि कुंकवी कुठला, हे मला उन्हात नेऊनसुद्धा कळत नसे. तिला ते ट्यूबलाइटखाली कळायचं. आजऱ्याच्या, निपाणीच्या बायका एसटीनं यायच्या तिच्याकडं.

तर ती उचकी. पहिले दोन-तीन दिवस नुसता हशा. गिऱ्हाईकंसुद्धा नावं सुचवायला लागली.

“माझ्या जावेचं नाव घेऊन बघ गं,” एक बाई म्हणाली. “तिला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याशिवाय उद्योग नाही.”

वृषालीही हसायची. मग उलट्या सुरू झाल्या आणि हसणं बंद झालं. पोटात पाणी ठरेना. झोप लागली तरी उचकीनं दचकून उठायची. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी नळी घालून पोट बघितलं. पोट ठणठणीत! पंधरवडा होत आला. पोरीची गालफडं बसली. आईची जिवंत माणसं संपली, तेव्हा ती मेलेल्यांची नावं घ्यायला लागली. मी म्हटलं, “आई, आता पुरे कर.”

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वृषाली भिंतीला टेकून ताकाचा घोट घ्यायची नि थांबायची. आईनं भाकरी मोडता मोडता सहज म्हटलं, “धनंजय तर नव्हे?”

सुहासचा घास हातातच राहिला.

आम्ही सगळे वृषालीकडं बघत बसलो. ती पुढच्या उचकीची वाट बघत होती, आम्हीही बघत होतो. उचकी आली नाही. ताकाचं भांडं रिकामं झालं तरी आली नाही.

“बघा!” आई म्हणाली. पण तिचा आवाज खाली गेला होता, कारण ते नाव आमच्या घरात घ्यायचं नव्हतं.

धनंजय म्हणजे वृषालीचा भाऊ. आईवडील लवकर गेलेले, तेव्हा तिचं माहेर म्हणजे तो एकटा. आजऱ्याला त्याच्या लग्नात सगळ्या जावयांना कुंकवी फेटे बांधले. बांधणाऱ्याकडं एक कमी पडला आणि सुहासच्या डोक्यावर आला विटकरी. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नसतं. पण हा पडला मॅचिंग सेंटरवाला! “रंगाचा धंदा करणाऱ्या जावयाला उरलासुरला रंग?” म्हणून त्यानं भर मांडवात आवाज चढवला. धनंजय नवरदेव, पण तोही तापला. “दाजी, फेट्यानं डोकं मोठं होत नसतं,” म्हणाला. झालं. सुहासनं फेटा खुर्चीवर आपटला आणि वृषालीला घेऊन थेट एसटी स्टँड गाठलं. त्याला सहा वर्षं झाली होती. जाणं नाही, येणं नाही, भाऊबीज नाही, साधा फोन नाही.

“अहो,” वृषाली हळूच म्हणाली, “दादा आठवण काढतोय.”

“काढू दे.” सुहासनं ताट सारलं. “थांबली ना उचकी? आता तो विषय ह्या घरात परत निघायचा नाही. त्याचाही नाही आणि उचकीचाही नाही.”

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी सुहासला धारेवर धरलं. “एका फेट्यापायी बायकोचं माहेर तोडलंस, लाज कशी वाटत नाही तुला?”

“अक्का, तू ह्यात पडू नकोस.”

उचकी पुन्हा आली नाही. वृषालीला वाटायचं, भावाच्या जिवाला लागलंय म्हणून ती आली होती. आईलाही तसंच वाटायचं, आणि मला विचाराल तर मलाही. सुहासला काय वाटायचं ते कळायला मार्ग नव्हता, पण नंतर घरात कुणाला साधा ठसका लागला तरी तो उठून दुकानात जायचा.

मग वैशाख आला. लग्नसराई, दुकानात उभं राहायला जागा नाही. हलकर्णीच्या एक बाई मुलीचा शालू घेऊन आल्या. लालभडक कुंकवी. वृषालीनं बघितलं, वळली, पीस ओढला आणि काउंटरवर टाकला.

बाईंनी पीस बघितला, मग वृषालीकडं बघितलं. “चेष्टा करतेस काय गं?”

“का? बरोबर आहे की.”

मी गल्ल्यावरून वाकून बघितलं. मलासुद्धा कळत होतं, म्हणजे बघा! “वृषाली, हा विटकरी आहे,” मी म्हटलं.

तिनं दोन्ही कापडं जवळ धरली. लांब धरली. मग एक डोळा हातानं झाकला, नंतर दुसरा. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

“वन्सं, उजव्यानं बघितलं की लाल आहे. डाव्यानं बघितलं की धुतल्यागत दिसतंय. आणि डोळा हलवला की आत दुखतंय.”

तीन-चार दिवसांत डाव्या डोळ्यापुढं अंधार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, डोळ्यामागची नस सुजलीय, इथं वेळ घालवू नका, कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं न्या. आम्ही त्याच दिवशी हलवलं.

तिथल्या डॉक्टर किल्लेदार मॅडम, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. बोलायच्या थोडं, विचारायच्या फार. मेंदूचे फोटो काढले, पाठीतलं पाणी तपासलं, रक्त मुंबईला पाठवलं. सलाइनमधून स्टेरॉइड सुरू झालं. सुहास रात्रंदिवस तिच्या उशाशी. दाढी वाढलेली, दुकानाला कुलूप. कुणी काही विचारलं की तिच्या आधी हाच उत्तर द्यायचा. आधी कधी आजारी होत्या का? “नाही मॅडम. एकदा ॲसिडिटी झाली होती, बाकी काही नाही.” वृषाली उशीवर मान वळवून गप्प राहायची.

औषध संपत आलं तरी डावा डोळा होता तसाच. त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. कपाला हात लावता लावता ती म्हणाली, “वन्सं, ही तुमची डाळिंबी साडी ना? इतकी कशी विटली हो?”

साडी मी दुसऱ्यांदाच नेसले होते.

“वृषाली,” मी म्हटलं, “कुठल्या डोळ्यानं बघतीयेस?”

“उजव्यानंच. डाव्यानं कुठं दिसतंय मला?”

मी कप खाली ठेवून परिचारिकेला हाक मारली. चांगला डोळासुद्धा चालला होता.

मॅडम धावत आल्या. बॅटरीनं डोळे बघितले, पेनाचं लाल टोपण एकेका डोळ्यापुढं धरून रंग विचारला आणि आम्हा सगळ्यांना बसवलं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “दोन आजार असे आहेत, जे एकमेकांसारखे दिसतात. एकात थोडं थांबून चालतं. दुसऱ्यात थांबलो तर दृष्टी जाते ती परत येत नाही. त्यात रक्तातला पातळ भाग मशिनवर काढून दुसरा घालावा लागतो. मानेतल्या शिरेत जाड नळी घालायची, त्यात जंतू जायचा, रक्तस्राव व्हायचा धोका असतो. म्हणून उगाच करता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट आला की कळेल, पण त्याला अजून आठवडा लागेल. आणि ह्या डोळ्याकडं आठवडा आहे असं मला वाटत नाही. म्हणून परत विचारते. गेल्या वर्षभरात अंगाला काहीही झालं असेल, कितीही बारीक, कितीही हसण्यासारखं, ते सांगा.”

“काही नाही मॅडम,” सुहास म्हणाला. “ते ॲसिडिटीचं सांगितलंच.”

मी वृषालीकडं बघितलं. तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. नवऱ्याला दुखवायला नको म्हणून ही बाई आंधळी व्हायला तयार होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“उचकी लागली होती,” मी म्हटलं.

“अक्का!”

“गप बस तू! मॅडम, दिवाळीनंतर हिला उचकी लागली होती. पंधरवडाभर. आणि उलट्या. पोटात थेंब ठरत नव्हता.”

मॅडमचं पेन थांबलं. “पंधरवडाभर?”

“हो.”

“पोट तपासलं?”

“नळी घालून. काही सापडलं नाही.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

सुहास खाली बघत म्हणाला, “मॅडम, ती उचकी आजाराची नव्हती.”

“मग कशाची होती?”

आता काय सांगणार होता? शेवटी मीच सगळं सांगितलं. आईची नावं, धनंजयचं नाव, विटकरी फेटा, सगळं. परिचारिका तोंडावर हात धरून बाजूला झाली. मॅडम हसल्या नाहीत.

“माझी आजीपण नावं घ्यायची,” त्या म्हणाल्या आणि वृषालीच्या पलंगावर टेकल्या. “वृषाली, तुमची उचकी मेंदूतून येत होती. पेशी म्हणजे एक बारीक खोली धरा. तिच्या भिंतीला पाण्याची दारं असतात, प्रथिनाची बनलेली. त्यांतून फक्त पाणी आतबाहेर करतं, मीठसुद्धा जात नाही. सगळ्या अंगात असतात ही दारं. मूत्रपिंडात असतात, मेंदूत तर फार. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. काही जणांच्या अंगात, का ते कुणालाच नीट माहीत नाही, आपलं रक्षण करायला रक्तात असलेली द्रव्यंच त्या दारांना शत्रू समजतात आणि तोडायला लागतात. मेंदूत ज्या जागेवरून उचकी नि उलटी उठते, तिथं ही दारं दाट आहेत. तुमच्यावर पहिला घाला तिथं पडला. आता डोळ्यांच्या नसांवर पडलाय.”

“म्हणजे तो दुसरा आजार?” सुहासनं विचारलं.

“रिपोर्ट येईपर्यंत शंभर टक्के नाही सांगणार. पण आता मी थांबणार नाही. आजच नळी घालू.”

“पण मॅडम,” मी विचारलंच, “मग ती धनंजयच्या नावानं थांबली कशी?”

“तो पहिला झटका काही दिवसांनी आपोआप ओसरतो. किती नावं घेतली होती तुम्ही?”

“गावात एकही सोडलं नव्हतं.”

“मग थांबायच्या वेळी कुणाचं तरी असणारच की तोंडात.”

इतकं सोपं! मी सुहासकडं बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मशिनसाठी रक्तपेढीतून पिशव्या लागणार होत्या आणि त्या बदल्यात रक्त द्यायला माणसं हवी होती. मी आमच्या गल्लीतल्या पोरांना फोन लावायला बाहेर आले, तर व्हरांड्याच्या टोकाला सुहास उभा. मोबाइलवर एकेक आकडा दाबत होता. नंबर कुठं बघत नव्हता. सहा वर्षं ज्याचं नाव घेऊ दिलं नाही, त्याचा नंबर ह्याला पाठ होता!

“धनंजय?” तो म्हणाला. “मी... दाजी बोलतोय.” पुढं त्याला बोलता येईना. मीच फोन घेतला.

धनंजय दुपारी जीप भरून पोरं घेऊन आला. दारातच सुहासच्या पाया पडायला वाकला, तर सुहासनं त्याला मधेच धरलं. धनंजय आत गेला. वृषालीनं आवाजावरून ओळखलं, “दादा?” म्हणाली आणि त्याच्या शर्टाला चाचपत घट्ट धरून बसली. आम्ही बाहेर थांबलो.

रक्त देऊन आल्यावर मी त्याला चहा दिला आणि उचकीचं सगळं सांगितलं. मला राहवलं नाही. “तू तेव्हा आठवण काढत होतास का रे?”

त्यानं कप खाली ठेवला. “अक्का, आठवण तर सहा वर्षं रोज काढत होतो. मग उचकी पंधराच दिवस का लागली?”

पलीकडं बसलेल्या सुहासनं ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

एक दिवसाआड मशीन लागायचं. रिपोर्ट आला, मॅडमचा अंदाज खरा ठरला. उजवा डोळा आणखी जायचा थांबला, मग तसूतसूनं परत यायला लागला. आधी खिडकी दिसली, मग गज, मग माझं तोंड. रंग मात्र येत नव्हते. मी घरून पिशवीभर रंगीत कापडाचे तुकडे आणले होते, रोज एकेक पुढं धरायची. “मळकट,” ती म्हणायची. “हापण मळकट.” एक दिवस चिडून तिनं पिशवीच ढकलून दिली. “वन्सं, मला रंगच कळत नसले तर दुकानात तुम्ही मला ठेवायचं तरी कशाला?” मी तुकडे गोळा करून पिशवी पलंगाखाली ठेवली आणि परत काढली नाही.

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. वृषालीला त्या आजाराची गोळी रोज घ्यावी लागते, तपासणीला कोल्हापूरला जावं लागतं, आणि मॅडमनी बजावलंय की उचकी, उलटी, बधिरपणा, काहीही झालं तर उठून यायचं. दरवेळी सुहास स्वतः नेतो. आमच्या घरात कुणाला उचकी लागली तर आई असेपर्यंत नावं घ्यायचीच, पण दुसऱ्या दिवशीही राहिली तर दवाखाना. मला सांगायचं आहे ते मात्र वृषालीला दवाखान्यातून घरी सोडायच्या आदल्या दिवसाचं.

संध्याकाळ होत आली होती. धनंजय आला तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. सुहासपुढं उभा राहून चुळबुळत म्हणाला, “दाजी, तेव्हाचं राहिलेलं आहे.”

कागद उलगडला. आत फेटा. नवा कोरा, घडीचा.

“कुंकवीच आणलाय,” तो घाईनं म्हणाला. “दुकानदाराला दोनदा विचारून घेतला.”

सुहासचा हात पुढं होईना. मला वाटलं, झालं, आता हा काहीतरी बोलतो आणि सगळं पाण्यात. एवढ्यात वृषाली पलंगावरून उतरली. पलंगांचे दांडे धरत धरत आली, धनंजयच्या हातातला फेटा घेतला आणि खिडकीशी गेली. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. फेट्याचं टोक उजेडात धरलं. जवळ नेलं, लांब नेलं.

“दादा,” ती म्हणाली, “परत चुकलास बघ. हा कुंकवी नाही. डाळिंबी आहे.”

सुहास दोन ढांगांत खिडकीशी गेला. फेट्याचं दुसरं टोक उचलून त्यानं बघितलं.

“डाळिंबीच आहे,” म्हणाला. “अक्का, डाळिंबीच आहे गं!” आणि भर वॉर्डात माझा भाऊ लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

मग बाहीनं तोंड पुसलं, फेटा वृषालीच्या हातातून घेतला, धनंजयच्या हातात दिला आणि त्याच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला.

“बांध,” म्हणाला.